अर्धा तास, एक कागद आणि सलूनवाले दादा

आमचा लेक आता 19 वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा होता तेव्हा ऑटिझमचं निदान झालं. हे लिहायला बसले तेव्हा त्याला विचारलं, तुझं नाव घालू का? तो फार बोलत नाही, टॅबवरची चित्रं दाबून सांगतो. त्याने 'नको'चं चित्र दाबलं. म्हणून इथे तो नुसता 'लेक'.

मी सांगलीत एका बँकेत काउंटरवर बसते. थेरपिस्ट नाही, स्पेशल एज्युकेटर नाही. तरी गेल्या बारा वर्षांत दोन सलूनवाले, दाताच्या डॉक्टर आणि त्यांची असिस्टंट, तीन रिक्षावाले, एक शिंपीकाका, गल्लीतलं गणपती मंडळ आणि सगळ्यात अवघड म्हणजे माझं सासर, एवढ्यांना शिकवून झालंय. आमच्या पालकगटात नवीन आलेल्या आया विचारतात, "ताई, तुम्ही त्यांना नेमकं सांगता तरी काय?" दरवेळी फोनवर तासभर जातो. म्हणून एकदाच लिहून काढते.

सुरुवात माझ्या फजितीपासून. पहिल्यांदा मी सलूनमध्ये चार पानं छापून घेऊन गेले होते. ऑटिझम म्हणजे काय, मेंदूची वाढ, संवादातल्या अडचणी, सगळं त्यात होतं. दादांनी मान डोलावत वाचली, "बिचारा" म्हणाले, "यावर औषध नाही का निघालं?" असं विचारलं आणि पानं खणात ठेवली. पुढच्या मिनिटाला लेकाच्या कानाशी मशीन सुरू केलं. चूक त्यांची नव्हती. मी त्यांना आजार शिकवला होता. त्यांना हवं होतं ते एवढंच, की हा मुलगा माझ्या खुर्चीत बसला की मी हात कुठे ठेवू आणि कुठे नको.

तेव्हापासून माझा नियम: कुणालाही ऑटिझम शिकवायला जायचं नाही. आपलं मूल शिकवायचं, तेही त्या माणसाच्या कामापुरतं, त्याच्याच जागेवर, अर्ध्या तासात.

(मराठीत 'स्वमग्न' म्हणतात. मला तो शब्द फारसा पटत नाही. स्वतःत मग्न असलेल्याला समोरच्या इमारतीतला मिक्सर ऐकू येईल का? माझ्या लेकाला येतो. त्याला जग कमी नाही, जास्त कळतं, आणि एकदम कळतं. पण सरकारी कागदावर तोच शब्द आहे, तर वापरा.)

जायच्या आधी

पहिलं काम, एकटीने जाऊन पंधरा मिनिटं बसायचं. मूल बरोबर नको. वहीत चार रकाने पाडा: कान, कातडी, नाक, डोळे. सलूनमध्ये माझ्या वहीत आलं ते असं. कान: टीव्ही, मशीन, दाराबाहेरचे हॉर्न. कातडी: पाण्याचा फवारा, गळ्याशी आवळलेलं कापड, मानेवर पडणारे बारीक केस, ब्रश. नाक: पावडर, आफ्टरशेव्ह. डोळे: समोर आरसा, मागे आरसा, त्यात हलणारी सगळी माणसं. आणि एक गोष्ट कुठल्याच रकान्यात बसेना, ती म्हणजे खुर्चीच्या हातांवर टाकलेली लहान मुलांची फळी. त्यावर बसलं की पाय लोंबकळतात. आमच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) ताईंनी सांगितलं, पाय टेकलेले नसले की त्याला आपण कुठे आहोत हेच कळत नाही. फळी काढून पायाखाली पाट ठेवला. अर्धं रडणं तिथेच थांबलं.

दुसरं म्हणजे अंदाजावर जाऊ नका, घरी करून बघा. मी ठामपणे धरून चालले होते की त्याला कात्रीची भीती वाटते. घरी कात्री कानाशी वाजवली, ढिम्म. फवारा मारला, तर तो पलंगाखाली. मानेवर केस टाकले, तर शर्ट काढून फेकला. म्हणजे कात्री बिचारी निर्दोष. हे आधी कळलं नसतं तर दादांना भलताच धडा देऊन आले असते.

तिसरं, वेळ. रविवारी सकाळी जाऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास दादा पेपर वाचत बसलेले असतात, तेव्हा जा. आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे द्या. मी एका कटिंगचे देते. ते नको म्हणतात, तरी देते. फुकट मागितलं की ती दया होते, आणि दया करणारा माणूस सूचना ऐकून घेत नाही.

अर्ध्या तासात काय

सांगायचं, दाखवायचं, त्यांच्याकडून करून घ्यायचं, आणि जिथल्या तिथे काय जमलं, काय चुकलं ते बोलायचं. प्रशिक्षण देणाऱ्या लोकांची ही जुनीच पद्धत आहे. आपण मात्र बहुतेक वेळा 'सांगायचं' करून घरी येतो. खरं शिक्षण तिसऱ्या पायरीवर होतं.

मी स्वतः खुर्चीत बसले. दादांना म्हटलं, "आता मी तो आहे." तीनच गोष्टी शिकवल्या.

एक, हात लावण्याआधी सांगा. दोन-तीन शब्दांत. "आता कंगवा." "उजवा कान." "घाबरू नकोस रे बाळा, काही होत नाही, आमचा राजा किती शहाणा" असलं काही नको. ती वाक्यं म्हणजे त्याच्यासाठी अजून एक चालू मशीन.

दोन, विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. ऐकलेलं पोचायला, त्याचा अर्थ लागायला आणि उत्तर बोटापर्यंत यायला त्याला वेळ लागतो. दोन सेकंदांत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला की त्याची गाडी पुन्हा पहिल्या स्टॉपवर जाते. दादांना हे ऐकायला सोपं वाटलं. करायला लावलं तर चारवर थांबले आणि म्हणाले, "झालं ना?" दहा सेकंद गप्प बसणं बोलक्या माणसाला किती जड जातं ते त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळलं.

तीन, हात वर झाला की कात्री थांबली पाहिजे. दरवेळी. लेकाला घरी आठवडाभर हे शिकवलं होतं: नको वाटलं की हात वर. दादांची परीक्षा म्हणून मी मध्येच तीनदा हात वर केला. पहिल्यांदा थांबले. दुसऱ्यांदा म्हणाले, "एवढंच राहिलंय वहिनी," आणि कात्री चालवली. मी म्हटलं, दादा, सगळं शिक्षण याच्यासाठी होतं. तो जेव्हा हात वर करेल तेव्हा 'एवढंच' नेहमीच राहिलेलं असणार. पण एकदा का हात वर करून उपयोग होत नाही हे त्याला कळलं, की पुढच्या वेळी तो हात वर करणार नाही, चावेल. तिसऱ्यांदा कात्री हवेत थांबली.

मी यावर इतकी का अडते? लेक सात वर्षांचा असताना दुसऱ्या एका सलूनमध्ये यांनी त्याचे हात धरले, शेजारच्यांनी पाय, आणि मी डोकं. "दोन मिनिटांचं काम" म्हणून. कानामागे कात्री लागून रक्त आलं. त्यानंतर वर्षभर तो त्या रस्त्यावरूनच जायचा नाही, रिक्षा वळली की किंचाळायचा. केस मी झोपेत कापायचे, वेडेवाकडे.

अर्धा तास दादांचा. लेकाचा वेळ वेगळा. पहिल्या दिवशी दारापर्यंत जाऊन परत. दुसऱ्या वेळी खुर्चीत मिनिटभर, कापड नाही. मग कापड, तेही आमचं घरचं जुनं मऊ सुती धोतराचं, गळ्याशी चिमट्याने अडकवलेलं. मग कंगवा. मग दोन वेळा कात्री, आणि लगेच घरी. पूर्ण कटिंग व्हायला दोन महिने गेले. कुणी म्हणेल, केसांसाठी एवढा खटाटोप? केस तर आयुष्यभर वाढणार आहेत, दर सहा आठवड्यांनी हा प्रश्न येणारच.

कागद

निघताना एक कागद द्यायचा. एकच, एका बाजूला लिहिलेला, मोठ्या अक्षरात. आमचा आरशाच्या कडेला चिकटवलेला आहे. जसाच्या तसा देते:

*मी फार बोलत नाही, पण सगळं ऐकतो. माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलू नका.*
*हात लावण्याआधी सांगा. थोडक्यात.*
*विचारलंत तर दहापर्यंत थांबा.*
*हात वर केला की थांबा.*
*फवारा नको, ओला कंगवा चालतो. मशीन नको. पावडर नको. टीव्ही आणि रेडिओ बंद.*
*मी हात फडफडवतो तेव्हा मला बरं वाटत असतं. थांबवू नका.*
*मला बसेसचे नंबर आवडतात.*

शेवटची ओळ गाळू नका. पहिल्या सहा ओळींत सगळी बंधनं आहेत, माणूस कुठेच नाही. दादा आणि लेक यांची दोस्ती जमली ती या ओळीमुळे. दादा मिरजेहून येतात, त्यांना सगळ्या एसट्या पाठ. कात्री चालवताना ते गाडीचं गाव सांगतात आणि थांबतात. लेक ती गाडी सुटायची वेळ टॅबवर दाबतो.

शिकवायचं मुलाला की लोकांना, यावर पालकांत नेहमी वाद होतो. मी दुसऱ्या बाजूची, पण हे खूळ एकट्या माझं नाही. ब्रिटनमधले अभ्यासक डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी 2012 मध्ये मांडलं की गैरसमज दोन्हीकडून असतो: त्याला आपण कळत नाही तसाच आपल्याला तो कळत नाही. आपण मात्र सगळ्या थेरप्या एकाच बाजूला लावतो. लेकाने आमच्यासाठी चौदा वर्षं ओटी आणि स्पीच केलं. दादांनी त्याच्यासाठी अर्धा तास दिला तर हिशेब अजून आमच्याकडेच झुकलेला आहे.

दवाखान्यात तुलनेने सोपं जातं. लहान मुलांच्या दंतवैद्यांना 'आधी सांगा, मग दाखवा, मग करा' हे कॉलेजातच शिकवलेलं असतं. तिथे डॉक्टरांपेक्षा बाहेर बसणाऱ्या असिस्टंटला शिकवा, कारण गाडी वेटिंग रूममध्येच रुळावरून घसरते. दिवसातली पहिली वेळ मागा. नंबर येईपर्यंत बाहेर रिक्षात बसतो, बोलावलं की येतो, असं ठरवून घ्या. डोळ्यांवर येणाऱ्या दिव्यासाठी गॉगल न्या. रिक्षावाल्यांना मी दोनच गोष्टी सांगते: रोजचा रस्ता बदलणार असाल तर वळण्याआधी बोला, आणि गोळ्या-चॉकलेट देऊ नका.

आणि सासर

परक्यांना पैसे देऊन शिकवता येतं. घरच्यांना कसं शिकवणार? ते तर त्याला आपल्याआधीपासून ओळखतात असं त्यांना वाटतं.

सासूबाई म्हणायच्या, "मुद्दाम करतो." मी वर्षभर समजावलं, ऐकेनात. मग एकदा त्यांना कटिंगला घेऊन गेले आणि काही बोलले नाही. दादांना दहापर्यंत थांबताना त्यांनी पाहिलं आणि नातवाने उत्तर दिलेलंही पाहिलं. घरी येऊन म्हणाल्या, "तो कोण कुठला माणूस थांबतो, आणि आपण..." वाक्य पुरं केलं नाही. सुनेच्या तोंडून जे शिरत नाही ते त्रयस्थाकडून शिरतं, हे लक्षात ठेवा आणि अपमान वाटून घेऊ नका.

नातेवाइकांना प्रत्येकी एकच काम द्या. यादी दिली की कुणीच काही करत नाही. आजीचं काम: दोन शब्द बोलायचं आणि थांबायचं. आत्याचं काम: गालगुच्चा नाही, मिठी नाही, लांबून हात जोडायचे. काकांचं काम: "काकांना नाव सांग बघू" असं पाहुण्यांसमोर बोलायचं नाही. मामाचं काम लग्नकार्यात: कार्यालयात एक शांत खोली धरून ठेवायची आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. आम्ही बँड वाजून गेल्यावर मागच्या दाराने येतो, अक्षता पडल्या की थोडं थांबतो, जेवतो, निघतो. वरातीला नाही. कुणी नाराज झालं तर होऊ दे.

"माझ्याकडे बघून बोल" हे वाक्य घरात बंद करा. डोळ्यांत बघत असला की त्याला ऐकू येत नाही, भिंतीकडे बघताना सगळं कळतं.

हट्ट आणि मेल्टडाउन यातला फरक घरच्यांना शिकवणं सगळ्यात गरजेचं. हट्ट करणारं मूल मधूनच डोळे किलकिले करून बघतं, कुणी बघतंय का. हवं ते दिलं की हट्ट संपतो. मेल्टडाउनमध्ये काही दिलं तरी थांबत नाही, कारण काही मागितलेलंच नसतं, फ्यूज उडालेला असतो. त्या वेळी बोलणं कमी, माणसं कमी, उजेड कमी. धरायचं फक्त तो रस्त्यावर धावत असेल किंवा डोकं आपटत असेल तर. पाणी शेजारी ठेवायचं, पाजायचं नाही. आणि नंतर, शांत झाल्यावर, "असं करतात का शहाणी मुलं?" हे भाषण नको. त्याला स्वतःलाच शरमल्यासारखं झालेलं असतं.

पद्धतशीर शिकायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी एक अभ्यासक्रम आहे: नऊ गटबैठका आणि तीन घरभेटी. मला त्यातल्या घरभेटी महत्त्वाच्या वाटतात. हॉलमध्ये बसून सगळ्यांनाच पटतं. कुकरची शिट्टी होतेय, दूधवाला बेल वाजवतोय, तेव्हा दहापर्यंत मोजता येतं का ते खरं.

पाणी आलं तेव्हा

ऑगस्ट 2019. आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांपर्यंत चढली होती. आमच्या जिन्यात पाणी आलं तेव्हा बोट घेऊन पोरं आली. देवमाणसं ती, पण ओरडत होती, कारण त्या गोंधळात ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. नारिंगी जॅकेट अंगावर चढवायला लागली आणि लेक पुन्हा वर पळाला. बोट निघून गेली. दुसरी चार तासांनी आली. मधल्या वेळात यांनी स्वतः जॅकेटसारखी उशी बांधून दाखवली, मग त्याला बांधली, मग तो बसला. निवारा म्हणून शाळा होती, एका वर्गात किती माणसं होती ते सांगत नाही. आम्ही दोन रात्री जिन्याखाली काढल्या.

म्हणून आता दरवर्षी पावसाळ्याआधी मंडळाच्या पोरांबरोबर एक संध्याकाळ ठरलेली. कुणाच्या घरी असं मूल, असा मोठा माणूस आहे त्याची यादी त्यांच्याकडे असते. जॅकेट आधीच आणून महिनाभर घरात लटकवायचं, घालून बघायचं. बोटीत एकानेच बोलायचं. ही पोरं कुठल्याही सेमिनारला आलेल्या लोकांपेक्षा लवकर शिकतात, कारण त्यांना काहीतरी करायचं असतं. त्याच पोरांनी पुढे गणपतीत ढोल-ताशा आमच्या दारापुढे न थांबवता पुढच्या चौकात न्यायला सुरुवात केली. आम्हाला दहा मिनिटं आधी फोन येतो, आम्ही कानाचे मफ घालतो.

पोलीस चौकीतही जा. मूल हरवण्याआधी. अलीकडचा फोटो, कागद आणि तो कुठे सापडू शकेल त्या जागा द्या. आमचा एसटी स्टँडवरच सापडणार. एक गोष्ट त्यांच्याकडून वदवून घ्या. आमची अनेक मुलं ऐकलेलं तसंच परत म्हणतात. "तू चोरलंस?" विचारलं तर उत्तर येतं, "चोरलंस." दरडावून विचारलं की सुटका म्हणून 'हो' येतं. ही कबुली नव्हे. त्याला विचारण्याआधी कागदावरच्या नंबरला फोन करा, एवढंच सांगा.

सरकारी कचेरीत, अंगणवाडीकडे किंवा वॉर्डात पत्र द्यायचं असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 47 लिहा. पंचायत सदस्य, पोलीस, न्यायाधीश यांच्या प्रशिक्षणात दिव्यांग हक्क आले पाहिजेत, आणि शिक्षक, डॉक्टर, नर्स, आशा, अंगणवाडी सेविका यांच्या अभ्यासक्रमात हा विषय असला पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. म्हणजे आपण उपकार मागत नाही. एका कचेरीने मला उत्तर दिलं, 2 एप्रिलला, म्हणजे जागतिक ऑटिझम जागरूकता दिनाला, कार्यक्रम घेऊ. घेतला. निळे दिवे, निळे फुगे, आणि स्पीकर इतका मोठा की ज्यांच्यासाठी कार्यक्रम ती मुलं आपापल्या आयांबरोबर बाहेर पायरीवर.

शिकवलेलं टिकत नाही, हेही धरून चाला. दादांकडे नवीन मुलगा कामाला लागला की पुन्हा अर्धा तास. हल्ली मी जात नाही, दादाच त्याला खुर्चीत बसवून स्वतः हात वर करतात. तीन महिन्यांनी मी न सांगता डोकावते. कागद वर्षातून एकदा काढून लेकाबरोबर वाचते, ओळ ओळ, चित्रं दाखवत. काही वर्षं काहीच बदललं नाही.

गेल्या महिन्यात कटिंग चालू असताना त्याने हात वर केला. कात्री थांबली. दादा थांबले, मीही मोजत होते. सातला त्याने टॅब ओढून घेतला आणि 'गाणं' दाबलं. दादांनी माझ्याकडे बघितलं. बारा वर्षं त्या दुकानात तो आला की रेडिओ बंद होतो, माझ्याच सांगण्यावरून. मला काही सुचेना, म्हटलं, लावून बघा, हळू. लावला. त्याने हात खाली घेतला आणि मान पुढे केली. कागदावरचा 'रेडिओ' आता पेनाने खोडलेला आहे.